पामुक्कलेची पांढरी कुंडं कोरडी का दिसतात? कापसाच्या किल्ल्याची आणि हिएरापोलिस नगरीची गोष्ट

इंटरनेटवर 'पामुक्कले' असं शोधलं की साधारण एकाच प्रकारचे फोटो समोर येतात. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक अशी पांढरीशुभ्र कुंडं, प्रत्येक कुंडात काठोकाठ भरलेलं आकाशी रंगाचं पाणी आणि मागे मावळतीचा सूर्य. बघणाऱ्याला वाटतं, हा बर्फच आहे. पण हा बर्फ नाही आणि पाणीही गार नाही.

हे फोटो बघून तिथे गेलेल्या अनेकांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो. पाणी गेलं कुठे? कारण डोंगराचा मोठा भाग कोरडा दिसतो. फोटोत असतात ती कुंडं दोराच्या पलीकडे असतात, तिथे जाता येत नाही. ज्या कुंडांमध्ये लोक पाय बुडवून बसलेले दिसतात, त्यातली बरीचशी माणसाने बांधलेली आहेत.

मग ही फसवणूक आहे का? तर नाही. ही कुंडं मुद्दाम कोरडी ठेवली जातात आणि डोंगर अजून पांढरा आहे, यामागे हेही एक मोठं कारण आहे. पामुक्कले नेमकं काय आहे, त्याच्या माथ्यावर एक अख्खं प्राचीन शहर का उभं राहिलं, मधल्या काळात हा डोंगर का काळवंडला होता आणि तिथे जायचं असेल तर काय लक्षात ठेवायचं, हे समजून घेऊया.

पामुक्कले कुठे आहे?

पामुक्कले तुर्कीच्या (आताचं अधिकृत नाव तुर्किये) नैऋत्य भागात, देनिझली प्रांतात आहे. देनिझली शहरापासून ते साधारण २० किलोमीटरवर आहे.

तुर्की भाषेत 'पामुक' म्हणजे कापूस आणि 'कले' म्हणजे किल्ला. थोडक्यात, कापसाचा किल्ला. यातला 'कले' हा शब्द मराठी माणसाला अगदीच परका नाही. मूळ अरबी शब्द 'कलआ'. तो तुर्कीत गेला आणि 'कले' झाला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि 'किल्ला' झाला.

हा पांढरा उतार सुमारे २,७०० मीटर लांब, ६०० मीटर रुंद आणि १६० मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरच्या पठारावर हिएरापोलिस या ग्रीक-रोमन शहराचे अवशेष आहेत. १९८८ मध्ये युनेस्कोने 'हिएरापोलिस-पामुक्कले' या नावाने दोन्हींचा मिळून जागतिक वारसा यादीत समावेश केला. या यादीतली बहुतेक ठिकाणं एक तर सांस्कृतिक वारसा म्हणून असतात किंवा नैसर्गिक वारसा म्हणून. पामुक्कले दोन्ही निकषांवर यादीत आहे.

डोंगर पांढरा कसा झाला?

घरात बोअरवेलचं पाणी येत असेल, तर पामुक्कलेचं शास्त्र तुमच्या गिझरमध्ये आणि किटलीच्या तळाशी रोज घडत असतं. जड पाणी तापलं की त्यातले क्षार बाहेर पडतात आणि पांढरा थर धरतो. पामुक्कलेत साधारण हेच होतं, फक्त हजारो वर्षं आणि डोंगराएवढ्या आकारात.

या भागात जमिनीच्या पोटात एक मोठी भेग आहे. भूगर्भशास्त्रात तिला 'प्रस्तरभंग' म्हणतात. पावसाचं आणि बर्फाचं पाणी जमिनीत खोल झिरपतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि या भेगेतून पुन्हा वर येतं. वर येताना त्यात कार्बन डायऑक्साइड वायू मिसळलेला असतो. त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतल्या चुनखडीच्या खडकातला चुना विरघळवून सोबत आणतं.

जमिनीखाली दाब असतो तोवर सगळं विरघळलेलंच राहतं. पाणी उघड्यावर आलं की दाब जातो. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर फसफसतं, तसा वायू हवेत निघून जातो. वायू गेला की पाण्याला तेवढा चुना धरून ठेवता येत नाही. मग कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं. सुरुवातीला ते जेलीसारखं मऊ असतं. हळूहळू घट्ट होऊन त्याचा दगड बनतो. या दगडाला 'ट्रॅव्हर्टाइन' म्हणतात. रोमचं कलोसियम ज्या दगडात बांधलं आहे, तोही ट्रॅव्हर्टाइनच, पण इटलीतल्या खाणींमधला.

कुंडांचा आकार कुठून येतो? उतारावरून वाहणारं पाणी एखाद्या खडबडीत जागी अडतं. तिथे ते पातळ होऊन काठावरून सांडतं, त्यामुळे वायू लवकर निघून जातो आणि चुनाही तिथेच जास्त बसतो. काठ थोडा उंच होतो. मग मागे जास्त पाणी साठतं, काठावरून पुन्हा सांडतं आणि काठ आणखी उंच होतो. म्हणजे कुंडाचा बांध पाणी स्वतःच घालत जातं.

या परिसरात एकूण १७ गरम झरे आहेत. त्यांच्या पाण्याचं तापमान ३५ अंशांपासून थेट १०० अंश सेल्सिअसपर्यंत असतं. पांढऱ्या उतारावर येणारं पाणी मात्र साधारण ३५ अंशांचं, म्हणजे अंगाला कोमट लागणारं आहे.

कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत, मग तिथे असं का होत नाही?

वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर अशी उन्हाळ्याची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची अनेक ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. तिथलं पाणी पामुक्कलेच्या पाण्याइतकंच, काही ठिकाणी त्याहूनही गरम असतं. पण आपला हा पट्टा मुख्यतः बेसॉल्ट, म्हणजे काळ्या पाषाणाचा. पाण्यात विरघळून वर येईल असे चुनखडीचे जाड थर इथे नाहीत. पांढरा डोंगर घडायला नुसतं गरम पाणी पुरत नाही. सोबत भरपूर चुना, वायू आणि उतार हे सगळं एकाच जागी लागतं.

माथ्यावर शहर का वसलं?

कारण पाणी. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात पेर्गमोनच्या अटालिड घराण्यातल्या राजांच्या काळात इथे गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती शहर उभं राहिलं. 'हिएरापोलिस' या ग्रीक नावाचा अर्थ 'पवित्र नगरी'. लोक इथे आजार बरे व्हावेत म्हणून स्नानाला येत आणि देवदर्शनही करत. आपल्याकडच्या कुंडकाठच्या तीर्थक्षेत्रांची कल्पना केली तर चित्र चटकन डोळ्यांसमोर येईल.

इसवी सनपूर्व १३३ मध्ये पेर्गमोनच्या शेवटच्या राजाने आपलं राज्य मृत्युपत्राद्वारे रोमला दिलं आणि हिएरापोलिस रोमन अमलाखाली आलं. इसवी सन ६० मध्ये, सम्राट नीरोच्या काळात झालेल्या भूकंपाने शहर कोसळलं. नंतर ते रोमन पद्धतीने पुन्हा बांधलं गेलं. आज दिसणारे बरेचसे अवशेष त्यानंतरचे आहेत. शहराची उत्तरेकडची तीन कमानींची वेस पहिल्या शतकाच्या अखेरीस प्रांताचा अधिकारी फ्रंटिनस याने बांधवून घेतली. हाच फ्रंटिनस पुढे रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि त्याने त्यावर ग्रंथही लिहिला.

इथलं पाणी फक्त स्नानापुरतं नव्हतं, त्याच्यावर शहराचा धंदा चालायचा. सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की, लोकर रंगवायला हिएरापोलिसचं पाणी फार चांगलं. मंजिष्ठेच्या मुळीने इथे रंगवलेली लोकर महागड्या जांभळ्या रंगाच्या लोकरीच्या तोडीची होते. हे पाणी पाटातून फिरवलं की पाटाच्या जागी एकसंध दगडाचं कुंपण तयार होतं, असंही त्याने नोंदवलं आहे. म्हणजे पाण्याला वळवून हवा तिथे दगड घडवता येतो, हे इथल्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीच कळलं होतं.

कापडाचा धंदा या भागातून अजूनही गेलेला नाही. आजचं देनिझली शहर टॉवेल, चादरी अशा घरगुती कापडासाठी ओळखलं जातं.

'नरकाचं दार' ही काय भानगड आहे?

अपोलोच्या मंदिराजवळ एक गुहा आहे. तिला 'प्लुटोनियन' म्हणत. प्लुटो हा पाताळाचा देव, म्हणून हे पाताळाचं दार. स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय की, आत गेलेला प्राणी तात्काळ मरतो. त्याने स्वतः चिमण्या आत सोडल्या आणि त्या लगेच मरून पडल्या. बैल आत नेले तर तेही कोसळत. पण सिबिली देवीचे पुजारी मात्र आत जाऊन जिवंत परत येत. लोकांना हा दैवी चमत्कार वाटत असे.

इटलीच्या पुरातत्त्व पथकाने २०१३ मध्ये ही जागा सापडल्याचं जाहीर केलं. फ्रान्चेस्को द'आंद्रिया हे त्या पथकाचे प्रमुख होते. जर्मन शास्त्रज्ञ हार्डी फांझ आणि सहकाऱ्यांनी तिथली हवा मोजली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुहेच्या आत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ९१ टक्क्यांपर्यंत आढळलं. इतक्या प्रमाणात हा वायू काही मिनिटांत जीव घेतो.

मग पुजारी कसे वाचत? कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, जणू न दिसणारं तळंच. रात्री हे तळं भरतं, ऊन चढलं की वाऱ्याबरोबर विरळ होतं. बैलाचं नाक या थरात असतं, उभ्या माणसाचं डोकं त्याच्या वर राहतं. त्यातून पुजारी श्वास रोखून धरत, हे स्ट्रॅबोनेही पाहिलं होतं. वेळ कोणती आणि थांबायचं किती, हे त्यांना अनुभवाने माहीत असणार.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या भेगेतून गरम पाणी येतं, तिच्यातूनच हा वायूही येतो. डोंगर पांढरा करणारा आणि चिमण्यांचा जीव घेणारा वायू एकच. आजही ही जागा अंतरावरूनच बघायची असते. कुंपण ओलांडून आत डोकावण्याचा प्रयत्न कुणीही करू नये.

आणखी काय काय आहे?

नाट्यगृह: डोंगराच्या उतारावर बांधलेलं हे रोमन नाट्यगृह हिएरापोलिसचा सर्वात चांगल्या स्थितीतला अवशेष मानलं जातं. रंगमंचामागच्या भिंतीचं काम तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळातलं आहे. वरच्या पायऱ्यांवर बसलं की समोर अख्खं खोरं दिसतं.

दफनभूमी: उत्तरेच्या वेशीबाहेर सुमारे दोन किलोमीटर पसरलेल्या दफनभूमीत १,२०० च्या आसपास थडगी आहेत. बरे व्हायला आलेले सगळेच बरे होत नसत, हे इथे चालताना कळतं. काही थडगी ट्रॅव्हर्टाइनमध्ये अर्धी बुडाली आहेत. पाणी वाट बदलत राहिलं आणि वाटेत आलेल्या थडग्याभोवती दगड चढत गेला.

करवतीचं यंत्र: तिसऱ्या शतकातल्या एका शवपेटीवर पाणचक्कीवर चालणाऱ्या दगड कापायच्या करवतीचं चित्र कोरलेलं आहे. ही शवपेटी अम्मियानोस नावाच्या गिरणीवाल्याची. चाकाच्या गोल फिरण्याचं मागे-पुढे सरकण्यात रूपांतर करणाऱ्या यंत्रणेचा हा जगातला सर्वात जुना ज्ञात पुरावा मानला जातो. हेच तत्त्व पुढे वाफेच्या इंजिनात वापरलं गेलं.

संत फिलिप यांचं स्मारक: येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी फिलिप यांचा मृत्यू हिएरापोलिसमध्ये झाला, अशी ख्रिस्ती परंपरा सांगते. त्यांच्या स्मरणार्थ पाचव्या शतकात टेकडीवर अष्टकोनी वास्तू बांधली गेली. जवळच्याच एका चर्चमध्ये त्यांचं थडगं सापडल्याचं इटालियन पथकाने २०११ मध्ये जाहीर केलं.

वस्तुसंग्रहालय: जुन्या रोमन स्नानगृहाच्या इमारतीतच १९८४ पासून संग्रहालय आहे. उन्हाच्या वेळी अर्धा तास सावलीत घालवायला ही उत्तम जागा.

स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा जन्मही हिएरापोलिसचाच. तो गुलाम म्हणून जन्मला आणि पुढे त्याची शिकवण रोमन सम्राटापर्यंत पोहोचली.

एवढं शहर उजाड का झालं?

पुन्हा तीच भेग. हिएरापोलिस थेट प्रस्तरभंगावर वसलेलं होतं. झरे तिथेच असल्यामुळे शहर दुसरीकडे हलवण्यात अर्थ नव्हता आणि तिथे राहायचं तर भूकंप चुकणार नव्हते. सातव्या शतकात झालेल्या मोठ्या भूकंपानंतर शहर पहिल्यासारखं उभं राहिलंच नाही. वस्ती आटत गेली आणि चौदाव्या शतकापर्यंत ती जवळपास संपली. पाणी मात्र वाहत राहिलं.

डोंगर काळवंडला कसा?

विसाव्या शतकात पर्यटक येऊ लागले. त्यांना पाण्याजवळ राहायचं होतं. म्हणून हॉटेलं थेट माथ्यावर, हिएरापोलिसच्या अवशेषांमध्ये बांधली गेली. त्यात काही अवशेष कायमचे गेले. झऱ्यांचं पाणी हॉटेलांच्या पोहण्याच्या तलावांकडे वळवलं गेलं. पायथ्यापासून वर यायला पांढऱ्या उताराच्या मधोमध गाडीरस्ता काढला गेला. लोक उतारावरून मोटारसायकली नेत आणि बूट घालून कुंडांमध्ये उतरत.

परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. ताजं पाणी मिळेना, म्हणून नवीन चुना बसेना. जुन्या थरावर धूळ, घाण आणि शेवाळ चढलं. कापसाचा किल्ला राखाडी, तपकिरी दिसू लागला.

जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर हे चित्र बदलणं भाग होतं. १९९० च्या दशकात संवर्धनाचा आराखडा हाती घेतला गेला आणि माथ्यावरची हॉटेलं टप्प्याटप्प्याने पाडली गेली. गाडीरस्ता बंद करून त्या जागी उथळ कृत्रिम कुंडं बांधली आणि त्यात झऱ्याचं पाणी सोडलं. आज पर्यटक अनवाणी ज्या वाटेने चालतात, ती वाट म्हणजे तोच जुना रस्ता. आता त्याच्यावर चुन्याचा थर चढल्यामुळे अनेकांना ते ओळखूही येत नाही.

मग कुंडं कोरडी का ठेवतात?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं, झऱ्यांचं पाणी मर्यादित आहे आणि उतार अफाट. सगळीकडे एकाच वेळी पाणी सोडलं तर कुठेच पुरेसा थर बसणार नाही.

दुसरं, एखाद्या भागात कायम पाणी राहिलं तर तिथे शेवाळ वाढतं आणि पांढरा रंग जातो.

तिसरं, मऊ थर घट्ट आणि पांढरा व्हायला त्याला ऊन लागतं, सुकायला वेळ लागतो.

म्हणून इथे पाणी पाळीने सोडतात. कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळं समजावायची गरज नाही. आज या भागाची पाळी, मग त्या भागाची. ज्याची पाळी झाली तो भाग सुकवायचा. तुम्ही जाल त्या दिवशी पाणी नेमकं फोटोतल्या कुंडांमध्ये असेलच असं नाही. पण आज कोरडं दिसणारं कुंड वाया गेलेलं नसतं, त्याचा थर पक्का होत असतो.

गर्दीच्या वर्षांमध्ये इथे २० लाखांहून जास्त लोक येतात. एवढ्या पावलांखाली जेलीसारखा ताजा थर टिकणार नाही. म्हणून बहुतांश उतारावर जायला बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथेही पायातलं काढूनच जावं लागतं. चपलांच्या टाचांनी थर खरवडला जातो आणि तळव्याची माती पांढऱ्यावर बसते. सुरक्षारक्षक शिट्ट्या मारताना दिसले तर समजायचं, कुणीतरी चप्पल काढलेली नाही किंवा दोर ओलांडला आहे.

बघायला सुरुवात कुठून करावी?

या परिसराला तीन प्रवेशद्वारं आहेत. कुठून आत जाता यावर दिवस कसा जाईल हे बऱ्यापैकी ठरतं.

खालचं द्वार पामुक्कले गावात आहे. इथून आत शिरलं की लगेच चपला काढून पांढरा उतार चढायचा. गावात मुक्काम असेल तर सोयीचं.

दक्षिण द्वार माथ्यावर आहे. नाट्यगृह, संग्रहालय आणि कुंडांचा वरचा भाग इथून जवळ पडतो. वेळ कमी असेल तर हे बरं.

उत्तर द्वार दफनभूमीच्या बाजूला आहे. इथून चालायला जास्त लागतं, पण शहर ज्या क्रमाने जुन्या प्रवाशाला दिसत असेल त्याच क्रमाने तुम्हाला दिसतं. आधी थडगी, मग फ्रंटिनसची वेस, मग मुख्य रस्ता, पुढे अपोलोचं मंदिर, प्लुटोनियन आणि नाट्यगृह.

पायांना त्रास नसेल आणि हातात पाच-सहा तास असतील, तर दुपारनंतर उत्तर द्वाराने आत जावं, अवशेष बघावेत आणि मावळतीच्या सुमारास पांढरा उतार अनवाणी उतरत खालच्या द्वाराने बाहेर पडावं. चढण्यापेक्षा उतरणं सोपं जातं आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कुंडांचे काठ उठून दिसतात. मात्र ज्या द्वाराने आत गेलात त्याच द्वाराने बाहेर पडणार नसाल, तर गाडी कुठे उभी करायची याचा विचार आधीच करावा लागतो. घरातली ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर दक्षिण द्वार निवडावं आणि उतरायचा आग्रह धरू नये.

'क्लिओपात्राचा तलाव' म्हणजे काय?

माथ्यावर झाडीत एक जुना तलाव आहे. पाणी साधारण ३६ अंशांचं आणि तळाशी चक्क संगमरवरी खांब पडलेले. भूकंपात कोसळलेल्या जुन्या वास्तूचे हे खांब पाण्यात तसेच राहिले आणि आज लोक त्यांच्यावरून पोहतात. क्लिओपात्रा राणी इथे स्नानाला आली होती, ही मात्र दंतकथा आहे. नाव ऐकून जास्त अपेक्षा ठेवू नये.

पोहण्यासाठी वेगळं तिकीट आहे, बघायला नाही. पांढऱ्या कुंडांमध्ये डुंबण्याइतकी खोली नसते. त्यामुळे ज्यांना खरंच अंग शेकायचं आहे त्यांच्यासाठी हाच पर्याय. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी गरम पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

जाण्याआधी काय लक्षात ठेवावं?

ऋतू: एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वात बरे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि पांढऱ्या दगडावरून ते उलटं डोळ्यांवर येतं. गॉगल, टोपी आणि पाण्याची बाटली लागतेच. हिवाळ्यात गर्दी कमी असते, पण गरम पाण्यातून कोरड्या दगडावर पाय टाकला की चांगलीच थंडी भरते.

सामान: चपला हातात धरून फिरायला कंटाळा येतो. पाठीवर एक रिकामी पिशवी आणि छोटा पंचा ठेवावा. ओल्या दगडाला बारीक खरबरीत लाटा असतात, त्यामुळे पाय सहसा सरकत नाही. पण गुळगुळीत झालेल्या जागी जपून चालावं.

कसं पोहोचायचं: सर्वात जवळचा विमानतळ देनिझली-चार्दाक, पामुक्कलेपासून साधारण ६५ किलोमीटरवर. इस्तंबूलहून तिथे विमानाने तासा-सव्वा तासात जाता येतं. इझमिरहून रेल्वे आणि बस आहे. देनिझलीच्या बसस्थानकावरून पामुक्कले गावासाठी मिनीबस मिळतात. तिथे त्यांना 'दोलमुश' म्हणतात. आपल्याकडच्या वडापसारखीच ही व्यवस्था.

व्हिसा: भारतीय पासपोर्टधारकांना तुर्कीसाठी व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल तर ई-व्हिसाची सोय असते. नियम, तिकिटांचे दर आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळ तपासून घ्यावं.

मुक्काम: बरेच जण इस्तंबूल किंवा किनाऱ्यावरच्या शहरांतून एका दिवसाच्या सहलीत येतात आणि भर दुपारी गर्दीत दोन तास घालवून जातात. शक्य असेल तर एक रात्र पामुक्कले गावात राहावं. सकाळी दार उघडताच आणि संध्याकाळी सहलीच्या बस गेल्यावर हा डोंगर बराच मोकळा असतो.

जवळपास काय बघता येईल?

पाच किलोमीटरवर काराहायित नावाचं गाव आहे. तिथल्या झऱ्याच्या पाण्यात लोह असल्यामुळे दगड पांढरा न होता लालसर झाला आहे.

दहा-बारा किलोमीटरवर लाओडिकिया या आणखी एका प्राचीन शहराचे अवशेष आहेत. तिथे आतून चुना बसून तोंड अरुंद झालेले जुने नळ बघायला मिळतात. याच शहरात इसवी सन ११४ मधला संगमरवरावर कोरलेला पाण्याचा कायदा सापडला. सार्वजनिक पाणी घाण करणाऱ्याला, नळ फोडणाऱ्याला किंवा ते पाणी स्वतःपुरतं वळवणाऱ्याला ५,००० ते १२,५०० दिनारांपर्यंत दंड, असं त्यात लिहिलेलं आहे.

सार्वजनिक पाणी कुणी एकट्याने आपल्या दारात वळवायचं नाही, हा नियम या खोऱ्यात १,९०० वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला होता. विसाव्या शतकातल्या हॉटेलांनी नेमकं तेच केलं आणि डोंगर काळा पडला. आता पाणी पुन्हा पाळीने वाटलं जातंय आणि डोंगर पांढरा होतोय. त्यामुळे तुम्ही जाल त्या दिवशी समोरचं कुंड कोरडं दिसलं, तर नाराज होण्याआधी एवढं लक्षात ठेवा की, त्याची पाळी होऊन गेली आहे किंवा अजून यायची आहे.